प्रभुभोजनाची पोळी

त्या रविवारी मी आईला घेऊन सौंसरहून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. शेजारी आई खिडकीतून संत्र्यांचे बगीचे बघत होती. मध्येच वळून मला म्हणाली, "तुमी कोन जी बाई? एकट्याच चालल्या?"

मी तिची मुलगी, असं पुन्हा सांगितलं. तिने नुसती मान डोलावली, पण पटलं नव्हतं.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. पांढुर्ण्यात एका घराच्या पुढच्या खोलीत उपासना होते आणि महिन्यातून एकदा बाहेरगावचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, येऊन प्रभुभोजन देतात: येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून प्रत्येकाला पावाचा एक तुकडा. पाव मिळेलच असं नाही, म्हणून आमच्यात पहिल्यापासून पोळीचेच तुकडे करतात. ती पोळी कितीतरी वर्षं आईच्या हातची असायची. लहानपणी तुकडा हातात पडला की मी तो लगेच तोंडात टाकायला जायची, आणि आई माझं मनगट धरायची. सगळ्यांना मिळेपर्यंत खायचं नाही, हा तिचा नियम.

मागच्या महिन्यात मात्र तिने भर प्रार्थनेत मोठ्याने विचारलं, "काय चालून राहिलं इथी?" पाळकसाहेब नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हे प्रभूची आठवण ठेवून घ्यायचं असतं. त्यांना कळतच नसेल, तर पुढच्या वेळी नुसता आशीर्वाद देऊ." माणूस वाईट नाही. पण मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. जिने सगळ्यांसाठी पोळी लाटली, तिच्याच समोरून तुकड्यांची ताटली पुढे जाणार? म्हणून या वेळी बसमध्ये मी येशूचं नाव घेऊन पाहिलं, पोळीचं विचारून पाहिलं. ती नुसती हसली.

उपासनेत आई गप्प बसली, हेच नशीब. पाळकसाहेब ताटली घेऊन आमच्यापुढे थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. आईने ओंजळ पुढे केली. जरा घुटमळून त्यांनी तीत तुकडा ठेवला. माझा जीव भांड्यात पडायचा तर उलट टांगणीला लागला. आता ही तो पदरात बांधेल, की खाली टाकेल? मी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून ठेवलं. माझा हात पुढे आला नाही म्हणून पाळकसाहेब तसेच पुढे गेले, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

मग त्यांनी खायला सांगितलं. सगळ्यांनी खाल्लं. आई तुकडा धरून तशीच बसलेली.

"खा ना, आई," मी कुजबुजले. पाळकसाहेब इकडेच बघत होते.

"नाही खात," ती म्हणाली.

संपलं, असं मला वाटलं. रडूच आलं. तिने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं, तुकड्याचे दोन भाग केले आणि एक माझ्यापुढे धरला.

"तुमाले नाही भेटली ना, बाई. सगळ्याईले भेटल्याबिगर खात नसते."

मी तो घेतला. मग ती खाऊ लागली.