वस्तादांची पोटरी

गल्लीतल्या सगळ्या डोक्यांची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, असं मानणारा तो न्हावी. लोक त्याला वस्ताद म्हणत आणि तोही ते नाव मिशीला पीळ देऊन मिरवी. तोंडाचा पट्टा कात्रीहून जोरात चाले. फक्त बायकोचं कौतुक त्या तोंडातून कधी निघालं नाही. दिवसभर उभं राहून त्याच्या पोटऱ्या भरून येत, आणि दुकान बंद झालं की ती तेल लावून त्या चोळून देई. हा डोळे मिटून घोरायला लागे.

आतड्याच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हाही त्याने अख्खा वॉर्ड हसवून सोडला. घरी पाठवताना सिस्टर समजावत होती, की कॅन्सर आणि त्यात एवढं मोठं ऑपरेशन, म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती घरी गेल्यावरही काही आठवडे राहते. रोज पोटात इंजेक्शन घ्यायचं, घरातल्या घरात फिरायचं, आणि एखादा पाय सुजला तर लगेच यायचं. वस्ताद तेव्हा तिला कोणता कट शोभेल हे सांगण्यात गुंग होता. बायको ऐकत होती.

घरी त्याने अंथरूण धरलं ते सोडेना. इंजेक्शन तेवढं कुरकुरत घेई. चला म्हटलं की उत्तर ठरलेलं. "अगं, जन्मभर उभाच होतो. आता जरा आडवा होऊ दे."

एका संध्याकाळी डावी पोटरी ठणकायला लागली. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"दुकानाचं जुनं दुखणं आहे. जरा चोळ."

ती तेलाची वाटी घेऊन बसली, हात लावला आणि थांबली.

"अहो, दुकानाचं दुखणं दोन्ही पायांना असतं. हा एकटाच सुजलाय. गरम लागतोय."

"मग चोळ की."

"नाही चोळणार. दवाखान्यात जायचंय."

"राईचा पर्वत करू नकोस. उद्या बघू."

त्याने आवाज चढवून पाहिला. ती गाडी बोलावून आली. संसारात पहिल्यांदाच त्याची डाळ शिजली नाही.

सोनोग्राफीत शिरेत गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "ही सुटून फुप्फुसात गेली असती, तर जिवावर बेतलं असतं. पाय चोळला नाहीत, हे फार बरं केलंत." बायकोकडे बघून वस्तादाचा ऊर भरून आला. पण कौतुक करायला तोंड उघडलं आणि "पाणी दे" एवढंच म्हणाला.

पुढे औषधांनी गाठ विरली, दुकान उघडलं आणि पट्टाही सुरू झाला. कुणाच्या घरी ऑपरेशन झाल्याचं कळलं, की याचा हात हवेतच थांबे.

"आधी पोटऱ्या बघा, दोन्ही सारख्या आहेत का. डॉक्टरांनी मशीन लावलं ते नंतर. माझ्या बायकोने नुसत्या हाताने ओळखलं. अशी बायको शोधून सापडायची नाही."

एका दुपारी हे सांगताना त्याने आरशात पाहिलं, तर ती जेवणाचा डबा घेऊन दारात उभी.

"गिऱ्हाइकांना सांगता," ती म्हणाली. "मला कधी नाही सांगितलंत."

वस्तादाने वस्तरा खाली ठेवला आणि तिच्याकडे वळला. "तुझ्यामुळे उभा आहे मी इथं. फार अभिमान वाटतो तुझा."

तिने डबा ठेवला, पदराने डोळे टिपले आणि तोंडाला साबण फासलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "ऐकलंत ना? साक्षीदार आहात तुम्ही."