घरचाच इंजिनिअर

माझ्या जाऊबाईंना गाडी लागते. दोन वळणं गेली की चेहरा पांढराफटक आणि पिशवीसाठी धावपळ. अशी बाई लग्नानंतर लगेचच एका ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवर जाऊन बसली आणि तिथेच तिचे केस पिकले. हजारो लोकांना त्यांनी डोंगर दाखवले, समुद्र दाखवला. स्वतः मात्र घर ते ऑफिस एवढाच प्रवास केला, तोही चालत.

मी धाकटी सून होऊन त्या घरात आले, तेव्हा मलाही त्यांनीच कंपनीत चिकटवलं. "तुझा आवाज गोड आहे आणि चेहरा रागीट," म्हणाल्या. "तू फोनवर बस." एवढ्या स्पष्टपणे माझ्या आईनेही कधी मला सांगितलं नव्हतं. मी हसले आणि फोनवर बसले. घरात जावा आणि ऑफिसात शेजारी, अशा आम्ही दोघी दिवसभर एकमेकींच्या नजरेसमोर असायचो. तरी कधी भांडलो नाही. खरं तर मी भांडायचे, त्या ऐकून घ्यायच्या आणि मग चहा टाकायच्या.

ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची लांबोडकी खोली. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं हे नव्या माणसाला कधीच कळायचं नाही. आत लांब काउंटर आणि त्याच्या टोकाला जाऊबाईंची खुर्ची, तिच्यावर घरून आणलेली उशी. त्यांचं काम सहलींचे गट लावण्याचं. कोण कोणाशेजारी बसेल, कोणाला तळमजल्याची खोली लागेल, कोणत्या दोन भावांना एका गाडीत घालायचं नाही, हे सगळं त्या बघायच्या. गाडी बंद पडली, हॉटेलवाल्याने हात वर केले, कोणाची म्हातारी वाटेत आजारी पडली, की फोन त्यांनाच. सगळं ऑफिस त्यांना ताई म्हणायचं. त्यांच्याहून मोठे गाईडकाकासुद्धा.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा शाळेत होता आणि गणितात ढ. त्यांनी त्याला स्वयंपाकघरात शेजारी बसवून गणितं करून घेतली, सासूबाईंच्या मारातून कितीदा सोडवला. एकदा याने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं आणि ते कायमचं बंद पाडलं. तेव्हापासून त्या याला इंजिनिअर म्हणायला लागल्या. पुढे तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर खरोखरच झाला, पण घरात ते नाव थट्टेचंच राहिलं. तळहाताच्या फोडासारखा जपला त्यांनी त्याला. हे मी ऐकीव सांगत नाही. लग्नानंतरही त्याच्या ताटातली पहिली गरम पोळी त्याच वाढायच्या, आणि मला त्याचा राग यायचा.

मालकांच्या डोक्यात सिस्टीमचं खूळ शिरलं ते दुसऱ्या कंपन्यांचं बघून. बुकिंग, गाड्या, खोल्या, हिशेब, सगळं एका ठिकाणी दिसलं पाहिजे, म्हणाले. टाय बांधलेले दोघे-तिघे येऊन गेले. त्यांचं बोलणं कोणाला कळलं नाही. तेव्हा जाऊबाई मालकांना म्हणाल्या, "बाहेरचा कशाला? आमच्या घरात आहे की एक." मालकांनी एका दमात होकार दिला. एरवी हा माणूस पंख्याचं बटण दुरुस्त करायलाही महिनाभर विचार करायचा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

इंजिनिअर कामाला लागला. सिस्टीम बांधायच्या आधी तिची आखणी करावी लागते, असं त्याने आम्हाला समजावलं. आधी आज काम कसं चालतं ते बघायचं, मग उद्या कसं चालावं ते ठरवायचं, मग कोणी काय कधी करायचं त्याचा आराखडा. त्यासाठी प्रत्येकाला बोलतं करायचं. प्रत्येक काम एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं, खाली ते कोण करतं त्याचं नाव, आणि चिठ्ठी वरच्या खोलीतल्या भिंतीवर लावायची. एका कामातून दुसरं निघतं तशी चिठ्ठीशेजारी चिठ्ठी.

लोक बोलेनात. ज्याच्या हाती काम, त्याच्या हाती भाकरी, हे कोणाला शिकवावं लागत नाही. गाईडकाका तर त्याला बघितलं की दाढदुखीचं निमित्त काढायचे. शेवटी जाऊबाईंनी जिवाचं रान केलं. एकेकाला चहाला बसवलं. "माझा दीर आहे तो," म्हणायच्या. "माझ्या हाताखाली वाढलाय. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही, मी सांगते ना." त्यांच्या शब्दावर काका वर गेले. मीही होते तिथे, चिठ्ठ्या लावायला मदत म्हणून.

"गाडी वाटेत बंद पडली तर?" इंजिनिअरने विचारलं.

"ताईंना फोन."

"हॉटेलने आयत्या वेळी खोल्या नाकारल्या तर?"

"ताईंना फोन."

"दोन प्रवाशांचं खिडकीवरून भांडण झालं?"

"फोन स्पीकरवर टाकतो. ताई बोलल्या की गप बसतात."

"आणि ताई नसल्या तर?"

काका हसले. "ताई नसल्या असं होतच नाही, साहेब."

त्याने तेही लिहून घेतलं. आम्हीही हसलो, मी, काका आणि तो. तोही हसला, हे मी विसरणार नाही.

हळूहळू भिंत भरली. चिठ्ठी कुठलीही वाचा, खाली 'ताई'. लोक वर जाऊन बघून यायचे आणि जाऊबाईंची चेष्टा करायचे, की कंपनीत आम्ही नुसते पाहुणेच आहोत म्हणून. जाऊबाई लाजल्या. इतक्या वर्षांत त्यांना कोणी शाबासकी दिली नव्हती, आणि इथे अख्खी भिंत त्यांच्या नावाने पिवळी झाली होती. मोबाईलवर त्यांनी तिचा फोटो काढला, थोडा तिरका, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या इंजिनिअरची कृपा'. माझ्या नवऱ्याने त्यावर अंगठा दिला.

त्या दिवसांत त्या खुशीत होत्या. रात्रीची जेवणं आटपली की त्याच्या जुन्या लॅपटॉपवर माउस फिरवायचा सराव करायच्या. बाण पडद्याबाहेर पळाला की माउस उचलून टेबलावर आपटायच्या. सिस्टीम आली की तिच्यावर नजर ठेवायला कोणीतरी जाणतं लागेल, ते आपणच, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. कोणाला वाटलं नसतं? "वहिनी, तू काही पोटात ठेवू नकोस हं," तो जेवताना म्हणायचा, "जेवढं सांगशील तेवढी सिस्टीम चांगली होईल." आणि त्या सांगायच्या. आमटी वाढता वाढता सांगायच्या. कोणत्या घाटात फोन लागत नाही, कोणता हॉटेलवाला गोड बोलतो आणि कोणता शब्द पाळतो, कोणत्या ड्रायव्हरला सकाळची गाडी द्यायची नाही. तो एका हाताने जेवायचा, दुसऱ्याने टिपून घ्यायचा.

मग आराखडा दाखवायचा दिवस आला. वरच्या खोलीत सगळे जमले. मालक पुढे, जाऊबाई त्यांच्या शेजारी, इस्त्रीची साडी नेसून. मी मागे भिंतीला टेकून. इंजिनिअरने दिवा मालवला आणि पडद्यावर पहिलं चित्र आलं. तो जाऊबाईंनीच काढलेला फोटो होता, तिरका. चिठ्ठ्यांची भिंत.

"सध्या कंपनीचं जवळजवळ प्रत्येक काम एका व्यक्तीपाशी येऊन थांबतं," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "हा आपला सर्वांत मोठा धोका."

जाऊबाई हसत होत्या. त्यांना ते अजून कौतुकच वाटत होतं. मला ते बघवेना.

मग पुढची चित्रं आली. काउंटर बंद. कामं पडद्यांवर वाटलेली. ड्रायव्हरला सूचना मोबाईलवर, खोल्यांचं उत्तर हॉटेलवाला स्वतः भरणार, गट सिस्टीम लावणार. हे सगळं बघायला एक माणूस पुरे. "त्या जागी फोनवरच्या मॅडमना घ्यावं असं सुचवतो," तो म्हणाला. फोनवरच्या मॅडम म्हणजे मी.

जाऊबाईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. मग त्यांनी वळून बघितलं. त्याच्याकडे नाही. माझ्याकडे.

मालकांनी घसा खाकरला. ताईंनी खूप केलं, आता विश्रांती घ्यायची, म्हणाले. सिस्टीम सुरू होईपर्यंत थांबून सगळं शिकवायचं, आणि मग कंपनीतर्फे एक छान सहल, अगदी पुढची सीट. "आयुष्यभर लोकांना फिरवलंत. आता तुम्ही फिरा."

"मला गाडी लागते," जाऊबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मालकांना ते ठाऊक नव्हतं. गाईडकाका उठून बाहेर गेले. चप्पल घालताना ते काहीतरी बोलले, ते मी इथे लिहीत नाही.

घरी आल्यावर मी खोलीचं दार लावलं आणि नवऱ्याला धारेवर धरलं. "कधीपासून माहीत होतं तुला?"

त्याने आधी मोजे काढले. मग म्हणाला, "पहिल्या भेटीपासून. मालकांना वहिनीवरचं हे अवलंबून राहणंच संपवायचं होतं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने केलं असतं."

"मग दुसऱ्याला करू द्यायचं."

"दुसऱ्याने तुम्हा दोघींनाही काढलं असतं. तू राहावीस ही अट मी घातली." त्याच्या बोलण्यात चक्क उपकाराचा सूर होता.

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू वहिनीला सांगितलं असतंस."

हे मात्र खरं होतं. मी सांगितलंच असतं, त्याच मिनिटाला, चप्पल न घालता धावत जाऊन. तेवढं तो मला ओळखून होता. म्हणूनच त्याने आम्हा दोघींचा केसाने गळा कापला, त्यांचा काम काढून आणि माझा काम ठेवून. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. मग आठवडाभर बोललेच नाही. पुढे गॅस संपला तेव्हा बोलावं लागलं. संसारात माणसाला धड रागावताही येत नाही.

जाऊबाईंनी आदळआपट केली नाही. भाऊजी, म्हणजे थोरले दीर, गरीब गाय. ते दोन दिवस धाकट्या भावाच्या ताटाकडे बघत जेवले आणि तिसऱ्या दिवसापासून आधीच जेवून घ्यायला लागले. गरम पोळी आता डब्यातून आपली आपण घ्यायची, एवढाच काय तो घरातला फरक.

मी राजीनामा द्यायचं म्हटलं. भाऊजींच्या दुकानाचं काही खरं नाही, जाऊबाईंची नोकरी गेल्यात जमा, त्यात मीही घरी बसले तर घर फक्त इंजिनिअरच्या जिवावर, आणि त्याच्या जिवावर तर मला एक घासही नको होता. म्हणून थांबले. हे कारण खरं आहे, पण बाहेरून बघणाऱ्याला ते कसं दिसत असेल ते मला कळत होतं.

जाऊबाई मला शिकवायला लागल्या. त्या रागाने काही हातचं राखतील, चुकीचं सांगतील असं मला वाटलं होतं. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी सगळं दिलं. खुर्ची शेजारी ओढून, चष्मा पुसून, एकेक गोष्ट दोनदा. मी चुकले तर रागावल्याही नाहीत. पूर्वी माझ्या एका चुकीवर त्यांनी मला अख्ख्या ऑफिससमोर 'अगं शहाणे' म्हटलं असतं. आता "असं करून बघा" म्हणत होत्या.

शेवटच्या दिवशी काउंटर रिकामं करायचं होतं. कामगार दार उघडून वाट बघत उभे होते, ढकलायचं की ओढायचं यात तेही आधी फसले होते. जाऊबाई उशी पिशवीत घालत होत्या. मला राहवलं नाही.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं. तो एका शब्दानेही बोलला नव्हता."

त्यांनी पिशवीचे बंद बांधले.

"एका खोलीत राहता तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्याला नुसतं डोकं दुखलं तरी तुला कळतं."

"हे नाही कळलं. तुम्हालाही नाही कळलं ना? तुमच्याच हाताखाली वाढला तो."

"मी वहिनी. तू बायको." आवाज चढला नव्हता. "जाऊ दे. तुझ्या जागी मीही कदाचित गप्प बसले असते. मी मनात काही ठेवलेलं नाही, तुला केव्हाच माफ करून टाकलंय. एका घरात राहायचंय आपल्याला."

"पण मी काही केलंच नाहीये, ताई."

त्यांनी मान हलवली. तिकीट हरवलं असं सांगणाऱ्या प्रवाशाचं त्या ऐकून घ्यायच्या तशी, शांतपणे, शेवटपर्यंत. मग माझ्यापुढचा कॉम्प्युटरचा पडदा स्वतःकडे वळवला आणि परवाच्या गाडीत आजारी प्रवासी कुठे बसवायचा, ते मला दाखवायला लागल्या.