उभी बाटली, आडवी बाटली

ऊन कललं की वसंतभाऊ आपला बार उघडायचे आणि गिऱ्हाईक यायच्या आधी प्रत्येक खुर्चीवर एकदा स्वतः बसून बघायचे. बसायचे, जरा मागे रेलायचे, उठायचे, की पुढची खुर्ची. एखादी डुगडुगली तर तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायचे. समोरच्या ओसरीवर वह्या तपासता तपासता मी हे रोज बघत असे. शेवटी न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "डुलाचं काम गिऱ्हाइकानं करावं मॅडम, खुर्चीनं नाही."

बोरी अरबहून दारव्ह्याकडे जाताना लागणारं आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली आणि भाड्याचं घर मिळालं ते नेमकं 'हॉटेल गारवा, परमिट रूम'च्या समोर. यवतमाळला माझ्या माहेरी दारू हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात उच्चारत. पहिल्याच आठवड्यात मी पदर खोचून भांडायला गेले, गाण्यांचा आवाज फार होतो म्हणून. वसंतभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, आवाज कमी केला आणि वर संध्याकाळी कमलताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्याकडे पाठवलं, आता ऐकू येतं का ते विचारायला. कमलताई येताना वाटीभर तुरीच्या सोल्यांची आमटी घेऊन आल्या. भांडण तिथेच बसलं ते पुन्हा काही उठलं नाही.

भाऊ स्वतः थेंबाला शिवत नसत. "हलवाई आपला पेढा खात नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बारचे नियम मात्र माझ्या वर्गापेक्षा कडक. उभ्यानं प्यायची नाही. पोटात काही घातल्याशिवाय दुसरा ग्लास नाही. घरून बायकोचा निरोप आला, की ग्लास अर्धा असला तरी उठायचं. एकदा मी चिडवलं, की भाऊ, तुम्ही दारू विकता की शिस्त? त्यावर ते गंभीरच झाले. "मी दारू कुठी विकून राह्यलो मॅडम? प्याले त कुठीबी भेटते. बसाले कुठी भेटते?"

तेव्हा मला ते दुकानदाराचं बोलणं वाटलं होतं. पण खरंच तिथे माणसं बसत. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारे, निवृत्त ग्रामसेवक, दोन-तीन कास्तकार, आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्यांचं कोर्टात चालू होतं असे दोघे सख्खे चुलतभाऊ. गावात ते एकमेकांचं तोंड बघत नसत आणि इथे एकाच टेबलावर भुईमुगाच्या शेंगा सोलत. कोणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं तिथे आधी कळे. आमचे मुख्याध्यापक शाळेच्या बातम्या मला सांगायच्या आधी तिथे सांगत, हे मी स्वतः बारच्या दारावरच्या पडद्याआडून ऐकलं आहे.

मग पुढच्या काही वर्षांत हे सगळं डोळ्यांदेखत विरळ होत गेलं. तालुक्याच्या वाईन शॉपमधून बाटली घ्यायची, प्लॅस्टिकचे ग्लास घ्यायचे आणि कालव्याच्या पाळीवर जाऊन बसायचं, असं नव्या पोरांनी सुरू केलं. बसायचं म्हणजे गाडीवरच, मोबाईलमध्ये तोंड घालून. काही जण हायवेच्या ढाब्यांवर जाऊ लागले. जुन्यांपैकी कोणी गेले, कोणी माळ घातली. काहींना डॉक्टरनं ताकीद दिली. लायसन्सची फी मात्र दरवर्षी चढतच होती. पुण्याला नोकरी करणारा मुलगा फोनवरून सांगायचा, बाबा, फॅमिली रेस्टॉरंट करा. भाऊंनी प्लायवूडचं पार्टिशन घातलं, हिरवे दिवे लावले, पनीरच्या भाज्या लिहिलेला बोर्ड लावला. त्या फॅमिली सेक्शनमध्ये माझ्या आठवणीत एकच फॅमिली बसली. त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं आणि त्यांनी फक्त चहा घेतला.

मी ओसरीवरून बघायची. पडद्यामागे सगळे दिवे लागलेले आणि आवाज एकाचाही नाही. दारूच्या दुकानात शांतता पसरली की शेजारणीनं खूश व्हावं, पण मी वह्या तशाच ठेवून त्या पडद्याकडे बघत बसायची. भाऊ अजूनही सगळ्या खुर्च्यांवर बसून बघत आणि मग दारात येऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर लावत. गाडीचा आवाज आला की सावरून उभे राहत. गाडी न थांबता पुढे गेली की उगाच दाराची कडी पुसत.

असंच एकदा दिवेलागणीला मी त्यांना टेबलाशी बसलेलं पाहिलं. समोर निवृत्त ग्रामसेवक होते आणि टेबलावर ग्लास दोन. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सांगायला आले. मी विचारलं नव्हतं. एकटा माणूस किती वेळ पिणार, तोही उठून गेला तर दुकानात कोण, म्हणून सोबत म्हणून घेतला, असं त्यांचं म्हणणं. "सोबतीची मोजत नसतात मॅडम," असं म्हणून हसले. पुढे ग्रामसेवक मुलाकडे अमरावतीला गेले, तरी भाऊंच्या पुढ्यातला ग्लास राहिला. हलवायाचं ते वाक्य त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. मला भीती वाटू लागली आणि ती कोणाला सांगावी ते कळेना. कमलताईंना सांगावं तर त्या माझ्याशी फक्त वाळवणाचं आणि नातवाचं बोलत.

त्याच सुमारास गावातल्या बायकांनी दारूबंदीचा अर्ज केला. त्यांचं काय चुकलं? कितीएक घरांत मारझोड होती, आणि पोरांना शाळेत उपाशी आलेलं मी रोज बघत होते. सरकारी पद्धतीप्रमाणे बायकांचं मतदान ठरलं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. बायकांची फेरी घोषणा देत 'गारवा'समोर आली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. भाऊंनी थंड पाण्याचे कॅन बाहेर आणून ठेवले. बायका पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा त्यांच्याच नावानं ओरडल्या. मी भाऊंना आधीच सांगितलं, की माझं मत आडव्या बाटलीला. ते म्हणाले, "बराबर हाय. तुम्ही मास्तरीण, तुमचं तेच पाह्यजे." पण भरदुपारी त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

निकाल लागला. बाटली आडवी झाली, तीही दणक्यात. संध्याकाळी भाऊ माझ्या ओसरीवर आले. मला वाटलं, रडतील. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. झालं होतं असं, की त्यांच्या घरात उभी-आडवी या शब्दांचा अर्थच उलटा होता. भरलेली बाटली फळीवर उभी राहते, विकली की रिकामी होऊन पोत्यात आडवी पडते. कमलताई लग्न झाल्यापासून रोज विचारत, आज झाल्या का आडव्या? म्हणजे धंदा झाला का. सगळ्या गावाला भाऊंनी उभी-आडवी समजावून सांगितली होती. स्वतःच्या घरी कोण सांगतं?

"आडवीवर मारून आली. वरून मले म्हणते कशी, काळजी नोका करू, बराबर मारला शिक्का." भाऊंनी डोळे पुसले. "चुकली बिचारी."

तुम्ही सांगितलं का त्यांना, मी विचारलं.

"कायले सांगू मॅडम? माह्यासाठीच त मारला तिनं."

मग ही गोष्ट ते एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, भेटेल त्याला सांगत. कमलताई जवळ असल्या तर खाली मान घालून हसत. बार बंद झाला, फळ्या उतरल्या. गावातली दारू काही संपली नाही, ती मोटरसायकलच्या डिकीतून यायला लागली. भाऊंचा ग्लास मात्र सुटला. चार महिने ते चांगले होते. सकाळी वावरात जात, संध्याकाळी पारावर बसत. माझी भीती हळूहळू ओसरली आणि मला वाटलं, सुटला बाई हा माणूस.

पण आतून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. दिवाळीनंतर त्यांचे डोळे पिवळे पडले, पोट फुगलं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मुलाला बाजूला बोलावून सांगितलं, की आणायला फार उशीर केला. तिथून त्यांना घरी आणलं ते गाडीत झोपवूनच.

भाऊंची तेरवी झाल्यावर मी कमलताईंजवळ जाऊन बसले. बोलता बोलता मी भाऊंचं हसणं काढलं. ती शिक्क्याची गोष्ट सांगताना किती हसायचे, म्हटलं. कमलताई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मी चुकली नव्हती मॅडम," त्या म्हणाल्या. "मले काय बाटलीचं चितर समजत नाही? रोज संध्याकाळी मी पाह्यत होती, त्या रिकाम्या दुकानात बसून हे काय करून राह्यले ते. मी म्हणलं असतं बंद करा, तर आयकलं नसतं. चुकली म्हणून हासले, अन् राहू देल्लं मले."

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"फकस्त एक साल आधी चुकाले पाह्यजे होतं."