संशोधनाचे शेंगदाणे मी भाजले

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. गल्लीतल्या दुसऱ्या कुणी सांगितली, तर त्यात मी कॉलेज जाळलं असंही निघेल.

तेव्हा आम्ही धंतोलीत राहत होतो. शेजारच्या मेश्रामांची संध्या फुप्फुसांवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवणार होती. पोरगी कॉलेजला जाताना पिशवीत काय नेते, यावर माझी नजर. कधी मसूर, कधी वाल, कधी शेंगदाणे. डब्यात मात्र रोज पोळी-भाजी. मग मला चैन कसं पडावं?

विचारलंच मी. "काहून वं, एवढं धान्य जाते कुठं?"

"फुप्फुसात, काकू."

मग तिनं ओट्यावर बसून समजावलं. फुप्फुसात नाना तऱ्हेच्या पेशी एकमेकींना खेटून असतात, कोणती कोणती ते ओळखू येत नाही. पण प्रत्येकीच्या अंगावर वेगवेगळ्या साखरेचं पांघरूण असतं. दाण्या-डाळींत लेक्टिन म्हणून एक पदार्थ असतो, तो ठरावीक साखरेलाच चिकटतो. त्याला रंग जोडून सोडला, की नेमकी तीच पेशी रंगते.

"म्हणजे लग्नात वरपक्षाले फेटे बांधते, तसं?"

"अगदी तसंच, काकू."

मी सातवी शिकलेली, पण मला समजलं. आता यात डोकं माझं की सांगणारीचं, तुम्हीच ठरवा.

पुढच्या शनिवारी तिचे सर त्या रंगवलेल्या पेशींच्या स्लाइड बघणार होते. त्यानंतर ते सहा महिने परदेशी. शनिवार हुकला, की पोरीचं वर्ष गेलं.

रविवारी ती दाण्यांची पिशवी घेऊन आली. "काकू, तुमच्या मिक्सरमधून हे भरडून द्याल का? लाल सालं तेवढी काढा. मले कोराडीले जा लागते, आत्याले बरं नाही."

आता मला सांगा, दाण्याची सालं काढायची तर तुमच्या घरी आधी काय करतात? तेच मी केलं. कढई ठेवली, आच मंद केली. वास सुटला तशा समोरच्या शीलाताई खिडकीत.

"काय चालू आहे वं?"

"संशोधन."

"चटणीचं?"

"फुप्फुसाचं," म्हटलं मी, आणि खिडकी लावून घेतली.

बुधवारी संध्याकाळी संध्या आली ती पायरीवरच बसली. चेहरा उतरलेला. "काकू, एकही पेशी रंगली नाही. कुठं चुकलं, समजूनच नाही राहिलं."

मी पाठीवरून हात फिरवला. "फुप्फुसच खराब असंल, बाई. दाणे तर मी चांगले खमंग भाजले होते."

तिनं मान वर केली. "भाजले?"

"मंद आचेवर. एकाले डाग नाही पडू दिला."

"काकू, तापवलं की लेक्टिन मरते."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही भाजसान, हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

मी तशीच उठले, कच्चे दाणे आणले, भिजवले आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलला. काम संपेपर्यंत घरात स्टोव्ह पेटू दिला नाही. आमचे हे चहा प्यायला शीलाताईंकडे गेले, आणि अर्थातच सगळं सांगून आले.

शनिवारी संध्यानं मला कॉलेजात नेलं. दुर्बिणीसारख्या त्या नळीत डोळा लावला आणि बघतच राहिले. फिक्या जाळीत काही पेशी तेवढ्या तपकिरी, कडेकडेनं कोरल्यासारख्या. बाकीच्या कोऱ्या. मूठभर दाण्यांतून पोरीनं हे काढलं. माझ्या हातून एवढ्या वर्षांत चटणीच निघाली.

सरांनीही बघितलं, मान डोलावली. मग दुसरी स्लाइड उचलली. ती साफ कोरी, कडेला संध्यानं 'भाजलेले दाणे' असं लिहिलेलं.

"ही कुणाची?"

संध्यानं माझ्याकडे बोट केलं. मी पदर सावरून माफीच मागणार, तर सर म्हणाले, "ही मी मागणारच होतो. तापवलेल्या दाण्यांच्या अर्कानं काहीच रंगलं नाही, म्हणजे पहिल्या स्लाइडवरचा रंग लेक्टिनचाच. आणि अर्क इतका पूर्ण निकामी केलेला मी क्वचितच बघितला."

संध्या डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधात दोन्ही स्लाइडचे फोटो शेजारी-शेजारी छापले आहेत. आल्या-गेल्याला मी अभिमानानं ते पान उघडून दाखवते. लोक चष्मा पुसून-पुसून बघतात आणि म्हणतात, "या दुसऱ्या फोटोत तर काहीच दिसत नाही."

मी म्हणते, "तेवढंच माझं काम."