रॉईसच्या बग्गीचा टप

रॉईस ट्रेगेन्झाच्या डाव्या कानाची वरची अर्धी पाळी डॉक्टरांनी कापून काढली, तेव्हा त्याची सत्तरी उलटली होती. जन्मभर ऊन खाल्लेला कान, शेवटी उन्हानेच खाल्ला; कातडीचा कॅन्सर. टाके काढताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की यापुढे डोक्यावर छप्पर असेल तरच रानात जायचं. रॉईस टोपीबद्दल काही सांगू लागला, ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

मुलगा दूर खाणीत कामाला होता. त्याने फोनवर आईला सांगितलं, बाबांना झेपत नसेल तर मेंढ्या विका, समुद्राकाठी लहानसं घर बघू. कोरालीने हे नवऱ्याच्या कानावर घातलं आणि आपलं मत काही सांगितलं नाही. तेच रॉईसला जड गेलं. तीही थकली होती, हे त्याला दिसत होतं.

त्याच्याकडे आता एकच काम उरलं होतं. एक दिवसाआड आपली छोटी मोटर-बग्गी घेऊन मेंढ्यांच्या पाण्याच्या डोण्या बघत फिरायचं. नळ अडकून डोणी कोरडी पडली, की त्या उन्हात मेंढ्या पटापट मरतात. बग्गीला ना दारं, ना टप. टप त्याने मुद्दामच बसवला नव्हता. तिथली खारट झुडपं छातीएवढी, अडकून पडलेली मेंढी बसल्या जागेवरून दिसत नाही. आधी उघड्या जीपमध्ये आणि मग बग्गीत, दर टेकाडावर थांबायचं, सीटवर उभं राहायचं आणि रानावरून नजर फिरवायची, ही त्याची पद्धत. टप आला की ते संपलं. दरवेळी खाली उतरून टेकाडावर चालायला गुडघे तयार नव्हते.

गावात नेव्हिलचं गॅरेज होतं. त्याने सगळे प्रकार समजावून सांगितले. प्लॅस्टिकचा टप हलका, पण उन्हाने तडकतो. पत्रा टिकाऊ, पण तापतो. त्याला खालून जाड फोमचं अस्तर लावलं तर ऊन अडतं आणि खडखडाटही थांबतो.

"फोम नको. नुसता पत्रा दे," रॉईस म्हणाला.

"नुसत्या पत्र्याखाली तुझं भरीत होईल, म्हातारबा. कान गेलाच आहे, आता बाकीचाही भाजून निघशील."

"पत्राच दे. आणि वर कडेने पाइपाचा कठडा."

कठडा कशाला, हे त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नेव्हिल वर्षभर हसला असता. रॉईस आपल्या कुत्रीला, टॅन्सीला, टपावर बसवणार होता. मेंढी दिसली की टॅन्सी त्या बाजूला धावते. पत्र्यावर तिची नखं वाजतील, आणि वाजतील तिकडे आपण वळायचं. फोम लावला तर काय ऐकू येणार?

पहिल्याच फेरीला सकाळी हे छान जमलं. मग ऊन चढलं. वर नखं डावीकडे वाजली, रॉईस डावीकडे गेला. तिथे काही नाही. उजवीकडे वाजली, तिकडेही काही नाही. मग नखं सगळीकडेच वाजू लागली आणि रॉईस वेड्यासारखा त्या झुडपांत गोल गोल फिरत राहिला. पत्रा तापून टॅन्सीचे पंजे भाजत होते, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. त्याने तिला खाली शेजारी घेतलं. लांबच्या डोण्या न बघताच तो परतला आणि दारातल्या पायरीवर ओकला.

कोरालीने त्याला कसंबसं आत आणलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मग ती टॅन्सीच्या पंजांना लोकरीतून काढलेली मलमासारखी चरबी चोळत बसली.

"मला समुद्र नको आहे, रॉईस," ती म्हणाली. "पण तुला पायरीवरून उचलण्याचं बळही माझ्यात राहिलेलं नाही. फोम बसव, नाहीतर मेंढ्या वीक."

नेव्हिलने टोमणे मारत फोम बसवला. टपावर कोरालीने घरातला जुना गालिचा चिकटवला. आता टपाखाली गार होतं, आणि टॅन्सीचं पाऊलसुद्धा ऐकू येत नव्हतं.

टॅन्सीचे पंजे भरून आले, तसा रॉईस तिला टपावर बसवून पहाटेच निघाला. दोन्हीकडे नुसती झुडपंच. एखादी मेंढी पडली असली तरी आपल्याला कळणार नाही. मुलाला फोन करून टाकावा, असं त्याने जवळजवळ ठरवलं. तेवढ्यात मागे सूर्य वर आला आणि बग्गीची सावली पुढे वाटेवर पडली. एक चौकोनी खोकं, त्यावर दोन उभे कान. सावलीतलं ते डोकं उजवीकडे वळलं आणि वळलेलंच राहिलं.

रॉईसने बग्गी उजवीकडे घातली. कोरड्या ओढ्यात एक मेंढी लोकरीच्या ओझ्याने उताणी पडून पाय झाडत होती. त्याने तिला सरळ केलं आणि तिचे पाय जमिनीवर ठरेपर्यंत गुडघ्यांत दाबून ठेवलं. नंतर त्याचं त्यालाच उभं राहायला तिच्याहून जास्त वेळ लागला.

मुलाला कोरालीने कळवलं, या वर्षी नाही.

आता रॉईस सकाळी पश्चिमेकडे जातो आणि संध्याकाळी परततो, म्हणजे सावली दोन्ही वेळेला पुढे राहते. मधलं ऊन लोकर कातरणाऱ्यांच्या जुन्या झोपडीत काढायचं. टपाखाली गार असतं म्हणून हल्ली कोरालीही बरोबर येते. थंड मटणाचे सँडविच खाऊन दोघं तिथल्या खाटांवर पडतात. सावली लांबली की आधी जागा होईल तो दुसऱ्याला उठवतो.