न विचारता लावलेलं पाणी

सिस्टर रोझलिन गेल्याची बातमी त्यांच्या मठाकडून मोबाईलवर आली. सकाळी मी तूर निवडत बसले होते. तीनच ओळी होत्या. वृद्ध भगिनींच्या निवासात शांतपणे देवाघरी गेल्या, दफन आज संध्याकाळी, प्रार्थना करावी. मंगरूळपीरहून वसईला संध्याकाळपर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. मी तूर डब्यात भरली, झाकण लावलं, सूप धुऊन उन्हात ठेवलं. हात रिकामे झाले आणि मग मात्र करायला काहीच उरलं नाही... मिस्सासाठी, म्हणजे आमच्या सामूहिक उपासनेसाठी, फादर महिन्यातून एकदा आमच्याकडे येतात, ते येऊन आठवडाच झाला होता. म्हणून मी एकटीनंच माळ जपायला घेतली. पहिल्याच मण्यावर अडखळले. ज्या बाईसाठी मी प्रार्थना करत होते, तिच्यावर आलेला आळ माझा होता आणि हे जिवंत माणसांत फक्त मला ठाऊक आहे, असं मी समजत होते.

बाळांनो, तुम्ही दोघं दूर आहात. ‘आजी त्या सिस्टरच्या दवाखान्यात मदतीला जायची’ एवढंच तुम्हाला माहीत आहे. तुमच्या बाबालाही त्याहून जास्त माहीत नाही. आज सगळं लिहिते आहे. हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल, आपल्या भागातले लोकही वाचतील, हे मला ठाऊक आहे आणि तसंच व्हायला हवं आहे.

सिस्टर वसईच्या. नर्सिंग शिकून इकडे आल्या तेव्हा चाळिशीत होत्या. आसेगावच्या पुढच्या एका गावात ग्रामपंचायतीनं दिलेल्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. गावात एकही ख्रिस्ती घर नाही. बरीच वस्ती शेतकऱ्यांची, एका अंगाला बौद्ध मोहल्ला. सगळे त्यांना शिस्टरबाई म्हणत. मी शाळेतून निवृत्त झाले, तुमचे आजोबा गेले, आणि आठवड्यातून दोन दिवस मी तिथे जायला लागले. पेशंटांची कार्डं अक्षरांच्या क्रमानं लावणं, बाळांच्या लसींच्या तारखा बघणं, हे माझं काम. इंग्रजीच्या बाईला ते छान जमलं. औषधांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायलाही मी उपयोगी पडे.

सिस्टरांचा एक नियम होता. तपासणीच्या खोलीत धर्माचं काही नको. क्रूस त्यांनी मागच्या स्वयंपाकाच्या खोलीत लावला होता. एकदा एका पाहुण्या फादरांनी यावरून त्यांना टोकलं, तुम्हाला लाज वाटते का म्हणाले. सिस्टर हसून म्हणाल्या की, आजारी माणूस आडवा पडलेला असतो, त्याला उठून जाता येत नाही, अशा माणसाला मी काही दाखवणार नाही. फादरांना ते पटलं नसावं. ऊसतोडीला जायच्या आधी बायका ‘पिशवी काढून टाकायची’ म्हणून चिठ्ठी मागायला येत, तेव्हा मात्र सिस्टर तास तास भांडत. मुकादम सांगतो म्हणून शरीर कापून द्यायचं नाही, म्हणत. मूल नको म्हणून कुणी तांबी बसवायला आलं, तर ‘मी हे करत नाही, माझा धर्म मला करू देत नाही, पण उपकेंद्रातली ताई करते, आजच जा’ असं सरळ सांगत. हे मला विसंगत वाटे. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, बाई, माझी सदसद्विवेकबुद्धी माझ्यापुरती, तिच्या पोटावर ती चालवायची नाही. हे वाक्य तेव्हा मला नुसतं चांगलं वाटलं होतं. त्याचा अर्थ मला कळला नव्हता, हे पुढे सिद्ध झालं.

ती एप्रिलमधली दुपार होती. बौद्ध मोहल्ल्यातली एक सून, सातवा महिना, तपासणीला म्हणून आली आणि तिथेच बाळंत झाली. मुलगी झाली, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. सुनेचं रक्त थांबेना. गाडी मंगरूळपीरहून निघाली होती. सिस्टर आईला सांभाळत होत्या. त्यांनी बाळ टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि छातीशी धरा, ऊब द्या, एवढंच सांगितलं. मी धरलं. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. नखं निळी पडली होती...

आमच्यात एक शिकवण आहे. बाप्तिस्मा फादर देतात, पण बाळ मरणाच्या दारात असेल तर कुणीही देऊ शकतो. कपाळावर तीनदा पाणी आणि ठरलेले शब्द. माझी आई सुईणीचं काम करायची. तिनं मला दहाव्या वर्षी हे शिकवलं होतं, उशीला बाळ समजून सराव करून घेतला होता. साठ वर्षं मला त्याची गरज पडली नव्हती. त्या दुपारी मी विचार केला नाही. किंवा खरं सांगायचं तर, हे मूल आपलं नाही हा विचार आला आणि मी तो बाजूला सारला. टेबलावर पेल्यात पाणी होतं. बोटं बुडवली, तीनदा लावलं, ओठांतल्या ओठांत शब्द म्हटले. मान वर केली तर दारात बाळाची आजी उभी. कमलाबाई.

“पानी कायले लावून राह्यल्या, बाई?”

मी म्हटलं, अंग तापलंय का बघते. गाडी यायच्या आधीच मुलगी गेली. आई वाचली.

सगळे गेल्यावर मी सिस्टरांना सांगितलं. आनंदानं नव्हे, पण एका समाधानानं सांगितलं, हे कबूल करते. मला वाटलं, त्या क्रूसाची खूण करतील. त्या लादी पुसत होत्या. हातातलं फडकं तसंच धरून त्या खाली बसल्या.

“ती त्यांची होती, बाई,” त्या म्हणाल्या. “देवानं तिला तशीच घेतली असती. तुमच्या पाण्यासाठी तो थांबला नव्हता.”

मग शांतपणे म्हणाल्या की, हे त्या घरी जाऊन सांगायला हवं, आणि तुम्हीच सांगायला हवं. मी बरोबर येते. मी घाबरले. दिवस कसे आहेत तुम्हाला ठाऊक आहे, सिस्टर, म्हणाले. धर्मांतराचा कायदा येणार म्हणून रोज बातम्या होत्या, कुठे कुठे प्रार्थना बंद पाडल्याचे व्हिडिओ येत होते. मी एकटी राहते, शेजारी काय म्हणतील, मुलगा परदेशात, त्याला काही अडचण झाली तर... मी यादीच वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली. म्हणाल्या, आठ दिवस घ्या. पण घ्याच, टाळू नका. मी त्या आठवड्यात दोन्ही दिवस दवाखान्यात गेले, कार्डं लावली, आणि मोहल्ल्याच्या रस्त्यानं गेले नाही.

सातव्या दिवशी लोक आले. तालुक्याहून दोन मोटरसायकली, गावातले काही, बाळाचा बाप, आणि पाच-सहा मोबाईल समोर धरलेले. पोरीला पाणी कुणी लावलं, हाच एक प्रश्न. बाळाच्या बापाला पुढे ढकललं जात होतं. मी कार्डांच्या कपाटाजवळ उभी होते. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनंतीही नव्हती, नुसती वाट पाहणं होतं. मी कपाटातली कार्डं सारखी करू लागले. मग त्या त्यांच्याकडे वळल्या.

“दवाखाना माझा आहे. इथे झालं ते माझ्याकडून झालं. त्या घराची मी माफी मागते.”

तेवढं पुरलं. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत शेजारच्या मानोरा तालुक्यापर्यंत पोहोचला. ग्रामपंचायतीनं खोल्या परत घेतल्या. वरिष्ठांनी सिस्टरांना बोलावून घेतलं आणि निवासात पाठवलं. वयही झालं होतं, असं सांगण्यात आलं. निघताना त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही आणि टाळलंही नाही. कार्डं उपकेंद्राला द्या, तारखा चुकतील, एवढं सांगितलं. पुढे मी दर रविवारी फोन करत असे. त्या गुडघ्यांबद्दल बोलत, समुद्राच्या वाऱ्याबद्दल बोलत. चार वर्षं मी प्रत्येक रविवारी ठरवून फोन लावला आणि प्रत्येक रविवारी गुडघ्यांवर बोलून ठेवला.

मी पापनिवेदन केलं होतं, नाही असं नाही. फादरांनी क्षमा दिली आणि म्हणाले, जिथे दुरुस्त करता येईल तिथे दुरुस्त करा. क्षमा मी लगेच घेतली. दुरुस्ती ठेवून दिली. आता ज्यांचं दुरुस्त करायचं त्याच गेल्या. देवाच्या दयेबद्दल मी शाळेत किती धडे दिले, पण आज मला तिथे आधार सापडत नाही. खोटं लिहून तुम्हाला धीर देणार नाही.

बातमीनंतर तिसऱ्या आठवड्यात मी त्या गावी गेले. दवाखान्याच्या खोलीला कुलूप आहे. आत पंचायतीचे लाऊडस्पीकर ठेवलेत. बाहेरच्या ओट्यावर एक पोटुशी बाई आसेगावला जाणाऱ्या ऑटोची वाट बघत बसली होती. मी तिच्यासमोरून मान खाली घालून गेले. कमलाबाई घरीच होत्या, अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या मोळ्या बांधत. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. सिस्टर गेल्या हेही सांगितलं.

त्यांनी हातातली मोळी खाली ठेवली.

“मले माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “म्या पायलं होतं ना. पोराले सांगतलं बी, अरे शिस्टरबाई नव्हती, ते मास्तरीनबाई होत्या. तो म्हने, माय, आता व्हिडिओ गेला, आता कोन आयकते. मंग म्या वाट पायली तुमची. तुमी येसान म्हनून.”

चार वर्षं ही बाई माझी वाट बघत होती. मी म्हटलं, मी वाईट मनानं केलं नव्हतं.

“नसन बी. पन माहा बाप छपन्न साली नागपूरले पायी गेला, बाई. कोनी त्याच्या डोक्शावर पानी टाकलं नाही. हजारो लोकाईत उभा राहून, आपल्या तोंडानं बोलला, म्या सोडला म्हने, म्या घेतला म्हने. आमच्या घरात धर्म असा आला. अन् माही नात... तिले त तोंडच नव्हतं बोलाले. तुमी मले विचारलं असतं. मी दारातच होती ना.”

मी मान हलवली. मग त्यांनीच विचारलं, रागानं नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. तुमच्यात पाणी लावताना नाव ठेवतात म्हणे, मग माझ्या नातीचं काय नाव ठेवलं?

मी नाव ठेवलं नव्हतं. घाई होती, सुचलं नाही. आईनं शिकवलेलं तेवढं विसरले. तसं सांगितलं.

“म्हंजे तुमी बी तिले बिनानावाचीच धाडली,” कमलाबाई म्हणाल्या.

आत मूल रडलं. त्याच सुनेचं, आता दोन वर्षांचं, झोपेतून उठलं होतं. कमलाबाई रांजणाजवळ गेल्या. बाह्या वर सारल्या, साबण घेतला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, मनगटं चोळली, कोपरापर्यंत गेल्या, मग पुन्हा नखांशी आल्या. सिस्टर असेच हात धुवायच्या. मूल उचलण्याआधी आयांना तसेच धुवायला लावायच्या, घाई करणाऱ्या बाईला परत पाठवायच्या. त्या गावात आता हे सांगायला कुणी नाही, तरी ते हात सिस्टरांसारखेच, तितकाच वेळ, फिरत होते. दोन्ही हातांना फेस होता म्हणून मी पुढे झाले, पाणी घालते म्हटलं आणि तांब्याकडे हात नेला.

“राहू द्या, बाई,” त्या म्हणाल्या. कोपरानं तांब्या आपल्याकडे ओढून घेतला. “पानी माहं मी घेते.”