चालत्या पंख्याला तेल

इथं जयपुरात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. काल एका कॉम्प्युटरमधला घरघरणारा पंखा उघडून त्यात तेलाचा थेंब सोडला, आणि त्या वासासरशी वडगावचं घर समोर आलं.

आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कापड विणायचे माग नुकतेच विकले होते. दम्यानं ते बहुतेक वेळ अंथरुणातच पडून असायचे. डॉक्टर म्हणायचे, यांना झोप हवी. मागांच्या जागी माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, जुना कॉम्प्युटर आला होता. त्यावर ती साडीची डिझाइनं काढायची आणि तो दिवसभर घरघरायचा.

मी आठवीत शाळा सोडलेला, पण यंत्राची हौस दांडगी. एका दुपारी आप्पांचा डोळा लागला. त्यांच्यावर लक्ष ठेव असं मला सांगून, कॉम्प्युटर चालूच ठेवून आक्का परसात धुणं धूत होती. माग चालू असतानाच तेल सोडायची आमची रीत, तसंच मी कॉम्प्युटर उघडून त्याच्या फिरत्या पंख्याला सोडलं. घरघर एकदम थांबली. मला केवढा आनंद झाला!

तोच आप्पा दचकून उठले. "माग का थांबला रं? धागा तुटला काय?"

जन्मभर खडखडाटात झोपलेला माणूस तो, शांततेनंच जागा व्हायचा.

"आप्पा, माग न्हाईत आता," असं मी म्हणेपर्यंत ते दोन पावलं धावले आणि फरशीवर कोसळले. खुबा मोडला. नंतर ते चाललेच नाहीत.

आक्का धावत आली. "लक्ष ठेव म्हटलं तर झोपा काढत होतास व्हय रं?"

"त्याला बोलू नको गं," आप्पा कण्हत म्हणाले, "माझाच पाय घसरला."

त्यांचे ते उपकार फिटायचे नाहीत. कॉम्प्युटर शांत केला म्हणून आक्का पुढं कितीतरी दिवस माझं कौतुक करत होती. आप्पा कशानं उठले, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.